बेरियमचा फोटो काढायचाय? आदल्या दिवशीचं जेवण आधी बघा

चिठ्ठीवर 'बीएमएफटी' एवढीच अक्षरं असतात (बेरियम नावाचं औषध पाजून काढायच्या आतड्याच्या एक्स-रेचं हे छोटं नाव) आणि खाली एक ओळ, 'सकाळी उपाशी पोटी यावे'. केजहून अंबाजोगाईला, किनवटहून नांदेडला, कन्नडहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात माणूस पहाटेच्या एसटीने पोहोचतो. नंबर लागतो. टेक्निशियन विचारतो, "मामा, काही खाल्लंय का?" मामा म्हणतात, "नाही ओ, खाल्लं कुठं? नुसता चहा घेतला. अन् दोन बिस्किटं." मग पुढची तारीख. मामांचा दिवस गेला, सोबत आलेल्या पोराचा रोज बुडाला आणि पोटाचं दुखणं होतं तिथंच राहिलं.

यात मामांची चूक आहेच, पण माझ्या मते चिठ्ठीची जास्त आहे. पचनसंस्थेच्या एक्स-रे तपासणीत निम्मं काम यंत्राखाली झोपण्याआधीच झालेलं असतं, आणि पोटाचा कोणता भाग बघायचा त्यावर ते काम ठरतं. अन्ननलिकेसाठी लागणारी तयारी आणि मोठ्या आतड्यासाठी लागणारी तयारी यांत दोन दिवसांचा फरक असतो. एका ओळीच्या सूचनेत तो मावत नाही.

साध्या फोटोत आतडी का दिसत नाहीत

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत क्ष-किरण सापडले. हे किरण शरीरातून आरपार जातात, पण सगळीकडून सारखे जात नाहीत. हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं, म्हणून हाड फोटोत पांढरं उठून दिसतं. जठर, आतडी, यकृत हे सगळे मऊ आणि पाणीदार अवयव आहेत. ते किरणांना जवळजवळ सारखेच अडवतात, त्यामुळे फोटोत एकमेकांत मिसळून नुसता करडा पडदा दिसतो. आतड्यात अडकलेला वायू किंवा आतडं फुटल्यावर पोटात सुटलेली हवा साध्या फोटोत कळते. आतल्या भिंतीवरची जखम, अरुंद झालेली जागा किंवा गाठ मात्र कळत नाही.

त्यावरचा उपाय सोपा निघाला. किरण अडवणारं काहीतरी आतड्यातच सोडायचं. १८९६ च्या अखेरीस हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने प्राण्यांच्या खाण्यात बिस्मथ या जड धातूचा क्षार मिसळला आणि घास पोटात कसा सरकतो ते क्ष-किरणांखाली पाहिलं. त्यात त्याला आणखी एक गोष्ट दिसली. मांजर घाबरलं की त्याच्या जठराची हालचाल थांबायची. तपासणीला येताना धास्तावलेल्या माणसालाही हे लागू पडतं, म्हणून टेक्निशियनशी दोन शब्द बोलून मोकळं व्हावं. पुढे १९१० च्या सुमारास बिस्मथची जागा बेरियम सल्फेटने घेतली. शंभर वर्षं उलटली तरी तेच चालू आहे.

त्याचं काम समजायला शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. कोरडा पाट लांबून बघितला तर काही कळत नाही. पाणी सोडलं की कुठे गाळ साचलाय, कुठे कड फुटलीय, कुठे धार बारीक झालीय ते पाणीच दाखवतं. बेरियम हे क्ष-किरणांना दिसणारं पाणी समजा. पण पाटात आधीच काडीकचरा अडकलेला असेल तर पाणी अडलं ते गाळामुळे की काडीमुळे, हे सांगता येत नाही. पोट रिकामं ठेवण्याचा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे.

औषध एक, तपासण्या चार

'बेरियम स्वॅलो' अन्ननलिकेसाठी असते. घास अडकतो, गिळताना दुखतं, पाणीसुद्धा परत येतं, अशा तक्रारींवर ती करतात. 'बेरियम मील' जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीसाठी असते. 'बेरियम मील फॉलो थ्रू', म्हणजे चिठ्ठीवरचं ते बीएमएफटी, सहाएक मीटर लांब लहान आतड्यासाठी असते. या तिन्हींत औषध तोंडाने प्यायचं असतं. चौथी 'बेरियम एनिमा', ती मोठ्या आतड्यासाठी. त्यात औषध गुदद्वारातून नळीने सोडतात.

केंद्रावर फोन करून आधी विचारावं ते एवढंच: "यातली कोणती? आणि तिची तयारी काय?"

उपाशी म्हणजे नेमकं किती उपाशी

पहिल्या तीन तपासण्यांसाठी साधारण सहा ते आठ तास पोटात काही जाऊ द्यायचं नसतं. बहुतेक ठिकाणी रात्री बारानंतर काही घ्यायचं नाही असं सांगतात. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं घ्यावं. वरणभात चालेल, मटण-भाकरी त्या दिवशी नको.

आपल्याकडे गोंधळ होतो तो एकादशीमुळे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, केळी हे सगळं उपवासाला चालतं, म्हणून इथंही चालेल असं घरातल्या माणसांना वाटतं. साबुदाण्याचे दाणे जठरात राहिले तर बेरियमच्या पांढऱ्या थरात ते काळसर ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि ते फोड आहेत की अन्न हे ठरवताना डॉक्टरची पंचाईत होते. चहाही नको. पाण्याबद्दल प्रत्येक केंद्राची सूचना वेगळी असते. काही ठिकाणी गोळीपुरता घोट चालतो, काही ठिकाणी तोही नको म्हणतात. विचारून घ्या.

दुसरी अडचण तोंडातली. तंबाखू-चुना, मिसरी, गुटखा, बिडी. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. "मी काही गिळत नाही, नुसती मिसरी लावली" असं बाया सांगतात, आणि ते खरंच असतं. पण मिसरी लावली की लाळ सुटते, तंबाखूने जठराचा रसही वाढतो. या पाण्यात बेरियम पातळ होतं, भिंतीला नीट चिकटत नाही आणि फोटो धुरकट येतो. म्हणून आदल्या रात्रीपासून तोंडात काहीच नको, च्युइंगगमसुद्धा नको. तलफ आवरत नसेल तर टेक्निशियनला तसं खरं सांगावं, लपवू नये. तो ओरडेल, पण फुकटचे किरण तरी अंगावर घ्यावे लागणार नाहीत.

ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध त्या सकाळी घेऊ नका. तेही जठराला आतून लेप देतं. रक्तदाबाची, फिटची, हृदयाची गोळी मनाने बंद करायची नाही. ती कधी आणि किती पाण्यासोबत घ्यायची हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मधुमेह असेल तर आधी सांगा

उपाशीपोटी नेहमीची शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. त्या सकाळचा डोस घ्यायचा, कमी करायचा की टाळायचा, हे तुमच्या डॉक्टरकडून ठरवून घ्या. सकाळचा पहिला नंबर मागा. मधुमेही माणसाने तो हट्टाने मागावा असं मी म्हणेन. पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवा. रांगेत बसल्या बसल्या घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच साखर तोंडात टाका आणि तिथल्या माणसाला हाक मारा. तपासणी पुढच्या आठवड्यात होईल.

तान्ह्या बाळाला आठ तास उपाशी ठेवायचं नसतं. त्याची वेळ डॉक्टर वेगळी सांगतात. अंगावर पाजणाऱ्या आईला बेरियम दिलं तरी ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे दूध थांबवायची गरज नसते.

मोठ्या आतड्याची तयारी

खरी कसोटी एनिमाची. मोठ्या आतड्यात मळ असतोच, आणि मळाचा खडा फोटोत हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. म्हणून फक्त उपाशी राहून भागत नाही, आतडं धुऊन काढावं लागतं.

साधारण दोन दिवस आधीपासून चोथा बंद करायचा. मराठवाड्याच्या माणसाला हे जड जातं, कारण आपलं सगळं जेवणच चोथ्याचं आहे. ज्वारीची भाकरी, मेथी, करडईची भाजी, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी, हिवाळ्यात हुरडा. एरवी पोटाला हे उत्तमच आहे, पण या दोन दिवसांत नको. पेरू, डाळिंब, सीताफळ अशी बियांची फळंही नकोत. पांढरा भात, मुगाचं पातळ वरण, थोडंसं दही एवढ्यावर भागवायचं.

आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी फक्त नितळ पातळ पदार्थ सांगतात. ग्लास उजेडात धरला तर पलीकडचं दिसावं, असे. भाताच्या पेजेची वरची निवळ, गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, लिंबूपाणी, दुधाशिवाय चहा. जालन्याची मोसंबी असेल तर रस काढून, गाळून, रेषा बाजूला करून घ्या. दूध, ताक आणि घट्ट सूप यांतून वगळा.

मग जुलाबाचं औषध. बहुधा पाण्यात कालवायची पूड देतात, काही ठिकाणी गोळ्या. पाकिटावर किंवा चिठ्ठीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती कालवायची आणि सांगितलंय तेवढ्या वेळात संपवायची. "निम्म्यातच पोट साफ झालं" म्हणून उरलेली ओतून देणारे बरेच असतात. शेवटी शेवटी संडासला पिवळसर, नितळ पाणी यायला लागलं की आतडं साफ झालं असं समजायचं.

जुलाबाचं औषध मेडिकलमधून मनाने आणू नका. फॉस्फेट असलेली काही औषधं किडनीला इजा करू शकतात, म्हाताऱ्या माणसांत आणि किडनी आधीच कमजोर असलेल्यांत जास्त. हृदय कमजोर असेल, पाय सुजत असतील तर तेही आधी सांगा. एप्रिल-मे महिन्यात परभणीचा पारा चाळीसच्या वर असताना दिवसभर जुलाब होत राहिले तर माणूस गळून जातो, म्हणून मधून मधून जलसंजीवनी घेत राहावी. मधुमेह असेल तर तिचं प्रमाण विचारून घ्यावं.

आणखी एक, कुठल्याच चिठ्ठीवर न लिहिलेली सूचना. जुलाबाचं औषध पिऊन एसटीत बसू नका. गाव लांब असेल तर आदल्या दुपारीच शहरातल्या पाहुण्याकडे मुक्कामाला जा, आणि ज्या घरी संडास एकच आहे तिथं आधी कल्पना द्या.

याला अपवादही आहेत. बाळाचं आतडं जन्मतः एका ठिकाणी काम करत नसल्याचा संशय असेल तर एनिमाआधी आतडं धूत नाहीत. धुतलं तर ज्या फरकावरून निदान व्हायचं तोच पुसट होतो. म्हणून शेजाऱ्याच्या तपासणीची तयारी ऐकून स्वतःची करू नये.

खोलीत काय होतं

हातातले, गळ्यातले, कमरेचे धातू उतरवायचे. ताईत आणि चांदीचा करदोटा हमखास विसरतात, आणि तो नेमका पोटाच्या फोटोत मधोमध येतो. मग खडूच्या पाण्यासारखं दिसणारं घट्टसर औषध देतात. चव वाईट नसते, पण चांगलीही नसते. काही वेळा त्याआधी सोड्यासारखी फसफसणारी पूड देतात. तिचा वायू जठर फुगवतो आणि बेरियमचा पातळ थर भिंतीवर पसरतो, त्यामुळे बारीक जखमाही दिसतात. ढेकर येईल, ती दाबून धरा. ढेकर दिली की वायू गेला आणि सगळं पहिल्यापासून.

टेबल उभं-आडवं होतं. कुशीवर व्हा, श्वास रोखा अशा सूचना येत राहतात. चित्र पडद्यावर चालतं-फिरतं दिसत असतं. स्वॅलो आणि मीलला अर्धा-पाऊण तास पुष्कळ होतो. फॉलो थ्रूमध्ये मात्र औषध पुढे सरकेल तसतसे थोड्या थोड्या वेळाने फोटो काढतात, त्यात दोन ते चार तास सहज जातात, आतडं संथ असेल तर संध्याकाळ होते. दुपारच्या गाडीचं तिकीट काढून येऊ नका. डबा मात्र आणा, 'आता खा' म्हणाले की हवाच असतो.

एनिमात डाव्या कुशीवर झोपवून नळी घालतात, बेरियम आणि बहुधा हवाही सोडतात. पोटात कळा येतात, संडासला लागल्यासारखं वाटतं. तोंडाने खोल श्वास घेतला की बरं वाटतं. लाज वाटणं साहजिक आहे. बाईमाणसाने सोबत नर्स हवी असं स्पष्ट सांगावं, तो हक्क आहे. आतडं सैल पडावं म्हणून काही वेळा इंजेक्शन देतात, त्याने थोडा वेळ नजर अंधुक होऊ शकते. काचबिंदू असेल तर आधी सांगा, आणि त्यानंतर लगेच मोटारसायकल चालवू नका.

"बेरियम तर विष असतं ना?"

ही शंका बरोबर आहे. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरतात. ते जठरातल्या आम्लात विरघळतं आणि रक्तात जातं. तपासणीत वापरतात ते बेरियम सल्फेट, आणि ते विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम, आणि जठराच्या आम्लातही तीच गत. ते तोंडातून जातं आणि दुसऱ्या टोकाने जसंच्या तसं बाहेर पडतं. निसर्गात ते बराइट या खनिजाच्या रूपात सापडतं. आंध्रात मंगमपेटला त्याचा मोठा साठा आहे. पोटात घ्यायचं बेरियम शुद्ध केलेलं, औषधी दर्जाचं असतं आणि ते केंद्रावरच मिळतं.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी. आतडं फुटलं असेल तर बेरियम पोटाच्या पोकळीत जाऊन गंभीर दाह करतं. अशा संशयात बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध वापरतात. मोठं आतडं बंद पडल्याचा संशय असेल तर तोंडाने बेरियम देत नाहीत, कारण तिथं ते घट्ट होऊन अडकतं. म्हणून अचानक उठलेली तीव्र पोटदुखी, पोट ताठ होणं, वायूही न सरकणं यांतलं काही असेल तर रांगेत थांबू नका, आधी सांगा. नुकताच आतड्याचा तुकडा तपासायला काढला असेल तर तेही सांगा, एनिमा काही दिवस पुढे ढकलावी लागते.

"दुर्बीण असताना हे कशाला?"

बऱ्याच बाबतीत दुर्बीणच, म्हणजे आत घालायची कॅमेऱ्याची नळी, सरस आहे. ती आतली भिंत प्रत्यक्ष दाखवते, तुकडा काढता येतो, रक्त थांबवता येतं. त्यामुळे मीलची आणि एनिमाची गरज पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली आहे. डॉक्टरांनी दुर्बीण सांगितली असेल तर "त्यापेक्षा नुसता फोटोच काढा" असा आग्रह धरू नका.

पण गिळण्याची क्रिया चालू असताना बघायची तर बेरियमच लागतं. अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नसेल तर फोटोत नलिका खाली निमुळती होत पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते. ॲसिड प्यायलेल्या माणसाच्या नलिकेत दुर्बीण पुढे जातच नाही, तेव्हा अरुंद भाग किती लांब आहे हे बेरियम सांगतं. आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आहेच. तो बहुतेक वेळा लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं बसतो. ती जागा आखडलेली, वर ओढलेली दिसली की फॉलो थ्रूवरून डॉक्टरला वाट सापडते. मोठ्या शहरांत हे काम आता सीटी आणि एमआरआयवर चाललंय. तालुक्याच्या माणसाला ते दर वेळी परवडतंच असं नाही.

किरणांचं काय

छातीच्या साध्या फोटोत सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट किरण मिळतात, बेरियमच्या मोठ्या तपासणीत सहाच्या आसपास. मिलिसिव्हर्ट हे अंगाला लागलेल्या किरणांचं माप. जमीन, हवा आणि आकाशातून प्रत्येकाला वर्षाकाठी जगभराच्या सरासरीने २.४ मिळतातच. म्हणजे एका तपासणीत दोन-अडीच वर्षांचे नैसर्गिक किरण एकदम. कारण असेल तर हा धोका छोटा आहे, उगाच घ्यावा असा मात्र नाही. तयारी बिघडल्यामुळे हीच तपासणी दुसऱ्यांदा करावी लागणं हे उगाचच्याच खात्यात जातं.

पाळी चुकली असेल किंवा दिवस असण्याची शक्यता असेल तर टेबलावर चढण्याआधी सांगा, सासू बाहेर बसली असेल तर टेक्निशियनला हळू आवाजात सांगा. सोबतच्यांनी खोलीत गर्दी करायची नाही. लहान मूल असेल तर शिशाचा एप्रन घालून एकाने थांबावं, आणि ती व्यक्ती गरोदर नसावी. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, तो आहे का हे विचारायला संकोच नको.

नंतरचे दोन-तीन दिवस

सोनोग्राफी किंवा पोटाचा सीटीही सांगितला असेल तर तो बेरियमच्या आधी करून घ्या. आतड्यात बेरियम उरलं असेल तर सीटीत पांढरे पट्टे येतात, सोनोग्राफीत पलीकडचं दिसत नाही. दुर्बिणीचंही तसंच. तिन्ही चिठ्ठ्या एकदम हातात आल्या तर क्रम डॉक्टरकडूनच लिहून घ्यावा.

तपासणी झाली की लगेच जेवता येतं, वेगळं काही सांगितलं नसेल तर. संडासला दोन-तीन दिवस पांढरट होईल, घाबरू नका, ते औषधच आहे. पाणी भरपूर प्या, कारण बेरियम सुकलं की खड्यासारखं होतं. भाकरी, पालेभाजी पुन्हा सुरू करा. संडासातून औषध जाताना दोन वेळा जास्त पाणी टाका, ते भांड्याला चिकटतं. दोन-तीन दिवस संडासला झालंच नाही, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या किंवा ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका. जवळच्या दवाखान्यात जा आणि पोटात बेरियम गेलेलं आहे, अमुक तारखेला, हे सगळ्यांत आधी सांगा.